न्हाणीघरातील फरशीची परीक्षा

घर बांधणाऱ्या गृहस्थास दिवाणखान्यातील फरशीची जितकी हौस असते, तितकी न्हाणीघरातील फरशीची क्वचितच असते. आणि तरीही संपूर्ण घरातील फरशीकामात अवघड भाग कोणता, असे एखाद्या जाणत्या गवंड्यास विचारले, तर तो विस्तीर्ण दिवाणखाना सोडून पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशा त्या चिंचोळ्या न्हाणीकडेच बोट दाखवील. दिवाणखान्यातील जमीन सपाट असली म्हणजे भागते. न्हाणीतील जमीन मात्र डोळ्यांना सपाट दिसावी लागते आणि पाण्यास उतरती वाटावी लागते. चारही भिंती अंगाशी आल्यामुळे त्यांपैकी एकीचाही वाकडेपणा लपविण्यास तेथे जागा उरत नाही. नळ, जाळी, कमोड आणि दाराचा उंबरा यांच्या भोवताली टाइल कापावीच लागते. आणि हे सर्व जमवून झाल्यावर त्यावर रोज दोनदा बादल्यांनी पाणी पडावयाचे असते.

अशा कामाची पारख करणे म्हणजे वस्तुतः दोन निरनिराळी कामे करणे होय. दोष आहे की नाही हे पाहणे हे पहिले, आणि तो असल्यास त्याचा धनी कोण याची शहानिशा करणे हे दुसरे. पहिले पुष्कळांस साधते, दुसरे फार थोड्यांस. आणि म्हणूनच साताऱ्यास काय किंवा सांगलीस काय, वास्तुशांतीस वर्ष उलटण्यापूर्वीच खालच्या मजल्याच्या छतावर ओलीचा डाग उमटला, की गवंडी प्लंबरास, प्लंबर टाइलच्या दुकानदारास आणि दुकानदार पुन्हा गवंड्यास दोष देत राहतो, व घरमालक त्या तिघांच्या मध्ये उभा राहून पुन्हा एकदा खर्चास तयार होतो. या लेखाचा हेतू त्या गृहस्थाच्या हाती पारखीची काही साधी साधने आणि न्यायाचा थोडासा विवेक द्यावा, इतकाच आहे.

ही पंचाईत आपल्या आजोबांच्या पिढीस तितकीशी नव्हती. त्या काळच्या वाड्यांतून न्हाणी म्हणजे एका कोपऱ्यात बसविलेली दगडी मोरी, शेजारी तांब्याचा बंब आणि पाणी थेट परसात काढून देणारी पन्हळ. घडीव दगडाचे काम या मुलुखात किती वरच्या प्रतीचे होत असे, हे पाहावयाचे असल्यास साताऱ्याजवळ लिंब येथे शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविलेली बारा मोटेची विहीर पाहावी. तशा कामात पाथरवटाचे कौशल्य दगडाच्या कडेत प्रत्यक्ष दिसत असे. सांधा चांगला की वाईट, हे बोट फिरवून कोणासही कळत असे. पुढे कर्नाटकातून शहाबादी आणि आंध्रातून कडाप्पा आला, तेव्हाही फरशी जाड, तिची पाठ खरबरीत आणि तिच्याखालचा सिमेंटचा थर भरघोस असल्यामुळे गवंड्याच्या लहानसहान चुका त्या जाडीत जिरून जात.

खरा पालट झाला तो पातळ, यंत्राने दाबलेल्या, झिलईदार टाइलमुळे. कोरड्या मातीची भुकटी साच्यात दाबून वस्तू घडविण्याच्या युक्तीचे पेटंट रिचर्ड प्रॉसर यांनी इंग्लंडात १८४० साली घेतले, हर्बर्ट मिंटन यांनी ती युक्ती टाइलसाठी वापरली, आणि तिचाच वंशविस्तार आज गुजरातेतील मोरबीच्या भट्ट्यांतून निघून ट्रकांनी आपल्याकडील दुकानांत येऊन पडतो. टाइलच्या तोंडावरची झिलई म्हणजे मातीवर वितळवून बसविलेला काचेचा पापुद्रा होय. आणि कराडजवळच्या ओगलेवाडीत काचकारखाना उभारून प्रभाकर कंदील घरोघर पोचविणाऱ्या या जिल्ह्यास काचेचा गुणधर्म नव्याने सांगावयास नको. काचेतून पाणी जात नाही. मात्र भिंत किंवा जमीन केवळ काचेची नसते. दोन टाइलांमध्ये सांधा असतो, सांध्याखाली सिमेंट असते, आणि पाण्यास शिरावयास तेवढा मार्ग पुरेसा होतो. टाइल बसवली म्हणजे न्हाणी जलाभेद्य झाली, हा सार्वत्रिक समज म्हणूनच निराधार आहे. पाणी अडविण्याचे काम टाइलखालच्या थराचे असते. टाइल त्या थराचे रक्षण करते आणि सफाईस सोय करून देते.

येथून पारखीचा पहिला नियम निघतो, तो असा, की न्हाणीच्या कामाची महत्त्वाची परीक्षा पहिली टाइल बसण्यापूर्वीच घ्यावयाची असते. सार्वजनिक बांधकाम खात्यात जे काम पुढे झाकले जाणार, त्याची मोजमापे ते झाकण्यापूर्वी घेऊन मोजमापपुस्तकात नोंदवून ठेवण्याचा जुना दंडक आहे. तोच दंडक गृहस्थाने आपल्या घरी लागू करावा. भिंतीत गाडलेल्या नळांत पंपाने दाब भरून तो टिकतो की उतरतो हे पाहावे, आणि नळ कोठून कसे गेले आहेत याची छायाचित्रे काढून ठेवावी. जमिनीवर जलरोधक थर दिल्यानंतर तो भिंतीवर निदान फूटभर वर चढविला आहे की नाही, विशेषतः जमीन आणि भिंत मिळतात तो कोपरा व न्हाणी ट्रॅपचे तोंड यांभोवती तो अखंड आहे की नाही, याची खातरजमा करावी. मग ट्रॅपचे तोंड बंद करून न्हाणीत दोन-तीन इंच पाणी भरावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि ४८ तास वाट पाहून खालच्या छताकडे व त्या खुणेकडे पाहावे. उन्हाळ्यात थोडे पाणी हवेने उडते, ते सोडून द्यावे. परंतु छतावर ओल दिसली, तर पुढचे काम तेथेच थांबवावे. या टप्प्यावरची दुरुस्ती थोडक्यात आटोपते. टाइल बसल्यानंतरची दुरुस्ती म्हणजे संपूर्ण न्हाणी उकरणे.

तळमजल्यावरील न्हाणीत छताची भीती नसते, तेथे जमिनीची असते. आणि या बाबतीत सातारा व सांगली ही दोन शहरे भिन्न स्वभावांची आहेत. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर घर बांधणाऱ्यास मुरूम आणि खडक लवकर लागतो; त्याची अडचण अशी, की उतारावरील जागा सपाट करण्याकरिता एका अंगास भराव घालावा लागतो, आणि न्हाणीचा अर्धा भाग खडकावर व अर्धा भरावावर आला तर कालांतराने त्या सीमारेषेवर फरशीस तडा जातो. सांगलीस कृष्णाकाठची खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यातच २००५, २०१९ आणि २०२१ सालांच्या महापुरांत ज्या वस्त्यांतून पाणी शिरले, तेथील जोत्यातला कच्चा भराव भिजून बसला असल्यास वरची फरशी पोकळ होणे स्वाभाविक आहे. जोत्यात काळी माती न भरता मुरूम थराथराने पाणी मारून धुमसला आहे काय, हा प्रश्न फरशी बसविणाऱ्याच्या येण्याच्या कितीतरी आधी विचारावयाचा असतो. कारण या तड्याचा धनी तो नसून ज्याने जोते भरले तो होय.

आता प्रत्यक्ष फरशीकामाकडे वळू. यात अग्रपूजेचा मान ढाळाचा. न्हाणीच्या जमिनीस ८० ते १०० मागे १ या प्रमाणात ढाळ असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. व्यवहारात सांगावयाचे तर सात फूट लांबीच्या न्हाणीत दूरच्या टोकापासून जाळीपर्यंत सुमारे एक इंचाचा उतार आला पाहिजे. याहून कमी ढाळात पाणी रेंगाळते, फार अधिक ढाळात पाय घसरतो आणि स्टूल डगमगते. परीक्षा अगदी सोपी आहे. सांधे भरण्यापूर्वी, थर पक्का झाल्यावर, बादलीभर पाणी दूरच्या कोपऱ्यात ओतावे आणि पाच मिनिटांनी पाहावे: पातळ ओल राहिली तर ती पृष्ठताणाची, तिला दोष देऊ नये, परंतु बोट बुडविता लाट उठेल असे डबके कोठेही राहिले, तर ढाळ चुकला. दाराशी मात्र याच्या उलट रीत हवी. न्हाणीची जमीन बाहेरच्या जमिनीहून अर्धा-पाऊण इंच तरी खाली असावी आणि उंबऱ्याचा दगड दोहोंच्या वर उठलेला असावा.

येथे एका दोषाची मालकी नीट समजून घ्यावी. आजकाल जमिनीसही दोन फूट बाय दोन फूट टाइल लावण्याचा सोस आहे. जाळी एका कोपऱ्यात असली, म्हणजे जमीन दोन दिशांनी उतरावी लागते, आणि ताठ व मोठी टाइल दोन दिशांनी वाकत नाही. मग गवंडी एक तर ढाळ मोडतो किंवा टाइल कर्णावर कापून तिचे त्रिकोण करतो. असे त्रिकोण पाहून पुष्कळ मालक संतापतात. वास्तविक ती त्या कारागिराची लबाडी नसून विवेक असतो. ज्यास कापलेली टाइल नको, त्याने एक फूट बाय एक फुटाची टाइल निवडावी, किंवा जाळीऐवजी एका भिंतीलगत लांब पन्हळ घेऊन जमीन एकाच दिशेने उतरेल अशी तजवीज करावी. हा निर्णय दुकानात होतो, आणि तो घेणारा मालक असतो.

ढाळानंतर रेषा. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे ओळंब्याने, कोपरा काटकोनात आहे की नाही हे गुण्याने, आणि गुण्या हाताशी नसल्यास एका भिंतीवर तीन फूट व दुसरीवर चार फूट मोजून त्या दोन खुणांतील अंतर बरोबर पाच फूट भरते की नाही यावरून पाहावे. भिंतीच्या सपाटीसाठी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी. दोन मीटर लांबीच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट न दिसणे, ही परदेशांतील नियमपुस्तकांनी घातलेली आणि आपल्याकडेही सहज पाळता येईल अशी मर्यादा आहे. दोन शेजारी टाइलांपैकी एकीची कड दुसरीच्या वर आली असेल, तर ती नाण्याच्या कडेने चाचपून पाहावी. मिलिमीटरभर फरक क्षम्य समजावा, त्याहून अधिक असल्यास तक्रार करावी. ही पाहणी दिवसाच्या उजेडात, माणूस नेहमी उभा राहतो त्या अंतरावरून करावी. रात्री बॅटरी भिंतीस चिकटवून प्रकाश आडवा टाकला, तर उत्तमातील उत्तम भिंतही खडबडीत दिसते, आणि तसल्या परीक्षेत कोणताही प्रामाणिक कारागीर नापास होईल.

कडा वर येण्याचा दोष नेहमी हाताचाच असतो असे नाही. लांबट टाइल भट्टीत किंचित धनुष्याकार होते. अशा दोन टाइल तोंडास तोंड लावून उभ्या धरल्या, म्हणजे मधली किंवा कडेची फट दिसते. अशी टाइल विटेच्या बांधकामाप्रमाणे निम्म्यावर सरकवून लावली, तर एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खालावलेल्या कडेशी येतो आणि भिंतभर पायऱ्या दिसू लागतात. सरक तृतीयांशाहून अधिक न ठेवणे हाच त्यावर उपाय. तसेच खोक्यांवरील रंगछटेचे व मापाचे क्रमांक एकच आहेत की नाहीत, हे उतरवून घेतानाच ताडून पाहावे. निरनिराळ्या क्रमांकांची खोकी मिसळली गेली, तर भिंतीवर छटा फुटते आणि सांधे तुटक होतात. त्याचा जाब दुकानदारास विचारावा, मात्र टाइल भिंतीवर चढण्यापूर्वी. लावलेल्या टाइलची तक्रार कोणी ऐकत नाही, आणि एका अर्थी ते रास्तही आहे.

मांडणी ही कारागिराच्या बुद्धीची खूण. चांगला मिस्त्री पहिल्या दिवशी एकही टाइल न चिकटविता टाइल कोरड्या मांडून पाहतो, तुकडे कोठे येतील याचा हिशेब करतो, आणि कापलेली टाइल दारामागे, कमोडच्या आडोशास किंवा जमिनीलगतच्या ओळीत जाईल अशी योजना आखतो. दारातून आत पाऊल टाकताच समोर येणाऱ्या भिंतीवर एका बाजूस अखंड टाइल आणि दुसऱ्या बाजूस दोन बोटांची चिंधी दिसली, तर मांडणीवाचूनच कामास हात घातला गेला असे खुशाल समजावे. नळाभोवतीचे छिद्र गोल आणि नळाच्या चकतीखाली पुरते झाकले जाणारे असावे. चौकोनी फोडून मग पांढऱ्या सिमेंटने भरलेले छिद्र पुढे नेमके गळतीचे ठिकाण होते.

यानंतर जे दिसत नाही ते ऐकावयाचे. बाजारात मडके घेताना ते टिचकी मारून वाजवितात, तशी बसविलेली प्रत्येक टाइल आठवडाभराने लाकडी दांडक्याने हलकेच वाजवावी. भरीव टाइलचा आवाज आखूड आणि जड येतो, पोकळीचा आवाज बोदा येतो. टाइलच्या पाठीवर मध्यभागी सिमेंटचा गोळा ठेवून ती भिंतीवर दाबण्याची जी घाईची पद्धत रूढ आहे, तिच्यात मध्य भरतो आणि चारही कोपरे पोकळ राहतात. मग त्या पोकळीत पाणी साचते, आणि कोपऱ्यावर काही जड पडले की टाइल फुटते. परदेशी नियमांप्रमाणे कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा निदान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के भाग लेपास टेकलेला असावा लागतो. हे तपासण्याचा राजमार्ग असा, की काम चालू असता नुकती बसविलेली एक टाइल आपल्यासमोर उचकटून तिची पाठ दाखविण्यास सांगावे. चांगला कारागीर याचा राग मानीत नाही. न्यायाच्या दृष्टीने एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की भिंतीतील एखाद्या टाइलच्या मध्यभागी किंचित बोदा आवाज आला तर तेवढ्यावरून ती उखडावयास लावू नये. जमिनीवरची टाइल आणि कोणत्याही टाइलचा कोपरा पोकळ वाजला, तर मात्र गय करू नये.

लेप कोणता, हा प्रश्न याच्याशी निगडित आहे. भिंतीवरची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर लावण्याची जुनी रीत तिला मानवते. परंतु व्हिट्रिफाइड टाइलचे शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असते, तिच्या पाठीत साधे सिमेंट शिरतच नाही, आणि ती भिजवून लावणे निरर्थक ठरते. तिच्यासाठी भारतीय मानक १५४७७ प्रमाणे बनविलेले ॲडेसिव्ह दातेरी थापीने ओढून लावावे लागते. मालकाने पैसे वाचविण्याकरिता सिमेंटवरच व्हिट्रिफाइड लावण्याचा आग्रह धरला आणि पुढे टाइल सुटली, तर कारागिरास बोल लावण्यापूर्वी त्याने स्वतःच्या आग्रहाची आठवण ठेवावी.

अखेरीस सांधे. दोन टाइल एकमेकींस घट्ट भिडवून सांधा नाहीसा करणे ही कौशल्याची खूण समजणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः तापमानाने टाइल व भिंत यांची जी सूक्ष्म हालचाल होते, तिला वाव देण्याकरिता दोन-तीन मिलिमीटरचा, स्पेसर घालून राखलेला एकसारखा सांधा हवाच. तो खरवडून साफ करून तळापर्यंत भरावा. वरवर पुसलेले पांढरे सिमेंट काही महिन्यांतच निघून जाते, इपॉक्सी महाग खरे, पण पाण्यास व डागास दाद देत नाही. जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ताठ भरणी न घालता लवचिक सिलिकॉन घालावे. कृष्णेच्या खोऱ्यात क्षारपड जमिनी आणि बोअरचे जड पाणी यांमुळे सांध्यांवर पांढरा लोणा धरतो, आणि तो घालविण्याकरिता घरोघर ॲसिड ओतले जाते. ते ॲसिड लोण्याबरोबर सांध्यातील सिमेंटही खाते. वर्षभर ॲसिडने धुतलेल्या न्हाणीचे सांधे रिकामे झाले, तर तो दोष गवंड्याच्या माथी मारणे हा उघड अन्याय होय.

तंटा उद्भवलाच, तर कायदा गृहस्थाच्या पाठीशी आहे. मोबदला घेऊन केलेले फरशीकाम ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, आणि तीत कसूर झाल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. विकत घेतलेल्या नव्या सदनिकेच्या बाबतीत २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ अन्वये, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कारागिरीचा दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. मात्र कोणतेही न्यायपीठ कागद मागते. म्हणून इसार देतानाच टाइलचा क्रमांक, लेपाचा प्रकार, ढाळ, पाण्याची चाचणी आणि शेवटचा हप्ता कधी द्यावयाचा याचा तपशील एका कागदावर लिहून उभयतांनी सह्या कराव्यात. ओळखीतल्या मिस्त्रीशी असा करार करण्यास आपल्याकडे संकोच वाटतो. पण ओळख टिकते ती अशा कागदामुळेच.

करारात मजुरीची जी रीत आपण पत्करतो, तीतच निकृष्ट कामाचे एक मोठे मूळ दडलेले आहे. फरशीची मजुरी चौरस फुटावर मोजतात. आपल्या पाच बाय सात फुटांच्या न्हाणीत जमीन भरते ३५ चौरस फूट, आणि सात फूट उंचीपर्यंतच्या भिंती, दार वजा जाता, सुमारे १५० चौरस फूट. म्हणजे ज्या जमिनीत ढाळ साधावयाचा, जाळीभोवती टाइल कापावयाची आणि सर्वांत अधिक वेळ घालवावयाचा, तिच्यापोटी कारागिरास एकूण मजुरीचा पाचवा हिस्सादेखील मिळत नाही. पाण्याच्या चाचणीकरिता थांबलेले दोन दिवस, कोरडी मांडणी, उचकटून दाखविलेली टाइल यांचे तर चौरस फुटात मापच होत नाही. अशा हिशेबात घाई करणारा मिळवितो आणि सावकाश करणारा गमावितो. मग घाईचे काम पदरात पडले, तर नवल कसले? न्हाणीपुरते तरी काम चौरस फुटावर न देता उक्ते द्यावे, त्या रकमेत ढाळ, चाचणी आणि मांडणी यांचे दाम स्पष्टपणे धरावे, आणि मग या लेखातील प्रत्येक कसोटी बेलाशक लावावी. ज्या कामाचे दाम आपण मोजलेच नाही, त्या कामाचा जाब विचारण्याचा आपला अधिकारही अर्धाच उरतो.